इंजिन उतरवायला एफडी मोडू का? आधी लीक नक्की कुठंय ते शोधा

दादा, तुमचा मामला मला समजला तो असा. 2018 चा ट्रक, पिंपळगाव बसवंतहून कांदा-टोमॅटो भरून वाशीला जातो, महिन्याला साधारण 6000 किलोमीटर. वर्षभर एक्झॉस्ट लीक चालूय, म्हणजे इंजिनचा धूर मध्येच फटीतून बाहेर पडतोय. मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर गोळा करून पुढं सोडणारा बिडाचा पाइप) पॅकिंग दोनदा बदललं, महिनाभर बरं वाटतं आणि परत टकटक सुरू. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवू, अडीच लाख. मेव्हणे म्हणतात विका आणि नवीन घ्या. आणि तुमचा डोळा पोरीच्या इंजिनीअरिंगच्या 4 लाखांच्या एफडीवर.

माझं म्हणणं, एफडीला आत्ता हात लावू नका, आधी काही हजार रुपये लीक शोधायला घाला. कारण पॅकिंग उडणं आणि इंजिन बसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मॅनिफोल्ड इंजिनच्या बाहेर बोल्टवर असतं, त्याच्यासाठी पिस्टन-रिंग काढायचं काय कारण? पॅकिंग पुन्हापुन्हा जातंय म्हणजे बहुतेक वेळा मॅनिफोल्ड तापून वाकलेलं असतं नाहीतर ते धरून ठेवणारा एखादा स्टड, म्हणजे बोल्ट, तुटलेला असतो, शेवटच्या सिलिंडरचा जरा जास्तच बघायला मिळतो. सकाळी थंड इंजिन चालू करा, टकटक जोरात आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर फट तापून बुजतेय, लीक तिथंच आसपास. पॅकिंगच्या कडेला काळी काजळी फासलेली दिसेल, टॉर्च मारून बघा. दिसलीच नाही तर इंजिन बंद, थंड करून सायलेन्सरमधून कमी प्रेशरने हवा सोडायची आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकायचं, बुडबुडे कुठं येतात ते आपोआप कळतं. टर्बोची (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, आणि पुढचा लवचिक पाइपही तेव्हाच बघून घ्या.

मॅनिफोल्ड काढलंच तर त्याच्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) फट मोजायला सांगा, वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करून घ्या, तडा असेल तर सरळ बदला, बिडाचं वेल्डिंग फार दिवस टिकत नाही. बसवताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरायचा, बोल्ट मधून बाहेर आवळत जायचे, आणि गाडी एकदा तापून थंड झाली की परत टाइट. आणखी एक गोष्ट फार जण बघतच नाहीत, सायलेन्सरचा ब्रॅकेट किंवा इंजिन माउंटिंग तुटलं असेल तर सगळं वजन मॅनिफोल्डवर लटकतं, मग पॅकिंग कितीही भारी आणा, ते जाणारच.

आता पैशाचं बघू. तुमचं एव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटरवरून चारवर आलंय. 6000 किलोमीटरला आधी 1333 लिटर लागायचं, आता 1500, म्हणजे 167 लिटर जास्त, 90 रुपयांनी धरलं तरी महिन्याला 15,000 धुरात. इंजिन आणि टर्बोच्या मध्ये लीक असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, पडतो, म्हणून तर येताना कसारा घाटात गाडी दम टाकते. अर्थात सगळं लीकवरच ढकलू नका, एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) होजही बघा. पण यातलं अर्धं जरी वाचलं तरी फेसिंग आणि स्टडचा खर्च काही महिन्यांत निघतो.

नवीन गाडीचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, मोह होणारच. पण 20 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेबेचाळीस हजारांच्या आसपास, व्याजच साडेपाच लाख. कांद्याचा भाव पडला, भाडी कमी झाली, तरी हप्ता थांबत नाही. आणि जुनी विकायचीच असेल तरी लीकसकट दाखवलीत तर घेणारा लीकपेक्षा कितीतरी जास्त पैसे कापतो, आधी दुरुस्त करा.

मग अडीच लाख कधी घालायचे? चालू इंजिनची ऑइल कॅप काढल्यावर धूर भकाभका येत असेल, ऑइल सारखं टॉपअप लागत असेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर गोष्ट वेगळी, तिथं इंजिनचं काम खरंच असू शकतं. तसं असेल तरी एफडी मोडू नका, तिच्या तारणावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे उचल, घ्या, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि द्राक्षाच्या सीझनमध्ये भाडी बरी मिळतील तेव्हा पोरीच्या अॅडमिशनआधी फेडून टाका. टॅक्समध्ये वाचेल म्हणून खर्च करू नका, तुम्ही 44एई मध्ये रिटर्न भरता, म्हणजे गाडीमागे ठरलेलं उत्पन्न धरून टॅक्स, त्यात रिपेअरचा खर्च वेगळा वजा होत नाही.

गॅरेजवाल्याला सांगा, लीक कुठं, का, आणि किती, कागदावर लिहून दे. नाही दिलं तर आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ दुसरा मिस्त्री गाठा. आणि तोपर्यंत केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, ड्रायव्हरलाही बजावा.