ऑक्सिजनवरच्या आईला निवाऱ्यात कसं न्यायचं?

प्रश्न : आईला चोवीस तास ऑक्सिजन लागतो, मिनिटाला 2 लिटर. पुराचा इशारा आला की निवाऱ्यात न्यायला धीर होत नाही. तिथे वीज गेली तर?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. परिचारिका म्हणून मी निवाऱ्यात रात्रपाळ्या केल्यात. एकदा जनरेटर होता, पण वायर एका आजोबांच्या खाटेपर्यंत पोचेना. शेवटी खाटच उचलून दाराशी आणली. म्हणून नुसतं ‘जनरेटर आहे का’ विचारू नका. प्लग खाटेपासून किती लांब, तेही विचारा. घरगुती काँसन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेचं यंत्र, साधारण 300 ते 350 वॅट खातो.

सोबत सिलिंडर हवाच. 680 लिटरचा भरलेला सिलिंडर तुमच्या वेगाने 340 मिनिटं चालतो, म्हणजे जेमतेम 5 तास 40 मिनिटं. रात्रसुद्धा निघत नाही! दोन ठेवा, शेगडी-मेणबत्तीपासून लांब.

‘2 लिटर’ हे कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा. घाबरून कुणीतरी आकडा वाढवतंच, आणि सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल तर ते अंगाशी येतं. निघायचं ते पाणी दाराशी यायच्या आधी. काँसन्ट्रेटर चांगला 14-15 किलोचा असतो.