नवजात बाळाच्या अंगावरचे यंत्र : आधी काय मोजावे?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असून माझे मूळ गाव नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव तालुक्यात आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाच्या पायाला बांधता येईल असा पट्टा दोन हजार रुपयांच्या आत तयार करण्याचा आमच्या गटाचा विचार आहे. तापमान, नाडी, रक्तातील ऑक्सिजन आणि श्वासांची गती मोजून तो मोबाइलवर सूचना देईल. यासाठी कोणते सेन्सर निवडावेत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सेन्सरचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. पट्टा रात्री दोन वाजता वाजला, तर त्या घरातील आईने नेमके काय करायचे, याचे उत्तर आपल्या गटाकडे आहे काय? ऑक्सिजन कमी झाल्याचे कळूनही घरात ऑक्सिजन नसेल आणि रस्त्यावर वाहन नसेल, तर त्या सूचनेने आईच्या हाती केवळ घबराट येते. तापमानाचे तसे नाही. बाळ गार पडत असेल, तर आई त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेऊ शकते, डोक्याला टोपडे घालू शकते आणि अंगावर पाजू शकते. त्वचेला त्वचा लावून ऊब देण्याची ही पद्धत, म्हणजे कांगारू मदर केअर, 1978 साली कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणूनच सुरू झाली. म्हणून माझा सल्ला असा, की चारांपैकी तीन गोष्टी सोडा आणि तापमान धरा.

बाळाचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठे असते, त्वचेखालील चरबी कमी असते आणि त्याला मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात हे सारे अधिकच तीव्र असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस हे नवजाताचे योग्य तापमान असून 36 च्या खाली गेल्यास तातडीने ऊब द्यावी लागते. थंडी लागली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात. आपल्याकडे परिचारिकांना शिकवली जाणारी स्पर्शाची परीक्षा यावरच बेतलेली आहे : पोट ऊबदार आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी बाधू लागली आहे, दोन्ही गार असतील तर धोका वाढला आहे. पायावरचा पट्टा लवकर इशारा देऊ शकतो तो याच कारणाने. मात्र पायाचे तापमान म्हणजे शरीराच्या आतील तापमान नव्हे, त्यामुळे काखेतील थर्मामीटरशी ताडून पाहिल्याशिवाय इशाऱ्याचा आकडा ठरवू नये.

बंगळूरच्या बेंपू या कंपनीने मनगटावरचा असाच पट्टा केला आहे. बाळ ऊबदार असेपर्यंत निळा दिवा लुकलुकतो, गार पडू लागले की नारिंगी दिवा लागून आवाज होतो. तो सुमारे महिनाभर चालतो आणि त्याला चार्जिंगही लागत नाही आणि मोबाइलही लागत नाही. आपल्या भागातील नेटवर्क आपण जाणताच. याउलट युगांडात वापरले गेलेले निओपेंडा या कंपनीचे उपकरण चारही मोजमापे घेते. पण ते एका परिचारिकेकडे अनेक बाळे असणाऱ्या कक्षासाठी आहे. तेथे सूचनेनंतर धावून येणारे कोणीतरी असते.

आकडा न दाखवता निर्णय दाखवणे, ही गोष्ट आपल्याला गडचिरोलीतूनही शिकता येईल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेल्या श्वासमापकात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर श्वास जलद आहे. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते वापरता आले. त्यात बॅटरी नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

बॅटरीवरून सांगतो : बटण सेल घरातील दुसऱ्या मुलाने गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. म्हणून पट्ट्यातील सेलचा डबा कायमचा बंद असावा. चिकटपट्टी तर टाळाच, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा तिच्यासोबत सोलवटते. पट्टा घट्ट बांधला गेला, सैल झाला किंवा लघवीने भिजला, तर काय होते, ते आधी बाहुलीवर पाहा. बाळावर चाचणी मात्र वैद्यकीय उपकरण नियम, 2017 आणि नैतिकता समितीची परवानगी यांच्या चौकटीतच करता येईल, तेव्हा नवजात शिशुतज्ज्ञाला आजच गटात घ्या. आशाताईंनाही घ्या, प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्याच त्या घरी जातात.

प्रश्न : माझा नातू पूर्ण दिवसांचा आणि तीन किलोचा आहे. सुनेला त्याच्यासाठी ऑक्सिजन मोजणारा पायमोजा घ्यायचा आहे. घ्यावा काय?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : निरोगी बाळासाठी गरज नाही. झोपेतील आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी अशी घरगुती उपकरणे वापरू नयेत, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावे. तोंडाजवळ उशी, दुपटे ठेवू नये. ते दूध ओढेनासे झाले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर मोज्यावरील आकडा काहीही असो, थेट रुग्णालय गाठावे.