200 लग्नपत्रिका पाच हजारांत घरच्या घरी कशा कराव्यात?

तुम्ही विचारलंय: डिसेंबर 2026 मध्ये पुण्यात लग्न आहे, 200 पत्रिका हव्यात, पाकिटासकट पाच हजारांच्या वर जायचं नाही, घरी इंक टँकवाला प्रिंटर आहे आणि कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप जेमतेम येतं. म्हणजे पत्रिकेमागे 25 रुपये. तेवढ्यात बसतं, फक्त छपाई घरी करू नका. मजकूर, डिझाइन आणि पाकिटांचं काम घरी. छापणं आणि कापणं प्रेसमध्ये.

खालचा ट्रे असलेल्या घरच्या प्रिंटरांत कागद रोलरभोवती पूर्ण वळून बाहेर येतो. पत्रिकेचा 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) जाड कागद तसा वळत नाही. अडकतो नाहीतर तिरका छापून येतो. आर्ट कार्डाच्या गुळगुळीत थरात शाई मुरत नाही, बोट लागलं की फराटा. आणि आपल्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागणारच. इंक टँकची रंगीत शाई सहसा पाण्यात विरघळणारी असते, ओलं बोट टेकलं की अक्षर पसरतं. प्रेसच्या डिजिटल मशीनमधला टोनर, म्हणजे शाईची पूड, उष्णतेनं कागदावर वितळवलेला असतो, तो असा फुटत नाही.

आता माप, कारण खरे पैसे इथेच वाचतात. डिजिटल प्रेसला पैसे शीटमागे द्यायचे असतात, पत्रिकेमागे नाही. नेहमीची शीट 13 बाय 19 इंचांची. 5 बाय 7 चं कार्ड घेतलंत तर सरळ मांडणीत एका शीटवर चारच बसतात. तेच कार्ड 4 बाय 6 केलं की तीन गुणिले तीन, नऊ बसतात: 12 बाय 18 इंच जागा भरते आणि चारी बाजूंनी मशीनला लागणारं अर्धा इंच मार्जिन उरतं. 200 पत्रिकांना 23 शीट. मी 25 सांगेन, म्हणजे 225 पत्रिका, त्यात खराब निघणाऱ्या आणि ऐनवेळी आठवणाऱ्या घरांच्याही आल्या. समजा दोन्ही बाजूंनी रंगीत शीटचे 60 रुपये सांगितले, तर 25 शीटचे 1500. पत्रिका सात रुपयांच्या आत. 5 बाय 7 मध्ये त्याच भावानं ती 15 ला पडेल. काही प्रेस 12 बाय 18 चीच शीट वापरतात, तिथे हे गणित कोसळतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न शीटच्या मापाचा, भावाचा दुसरा.

नऊ बसवायला एक अट आहे: रंग कार्डाच्या काठापर्यंत न्यायचा नाही. काठापर्यंत रंग म्हणजे ब्लीड हवं, दर बाजूला 3 मिलीमीटर जास्त. मग मधे फट ठेवावी लागते आणि नऊ मावत नाहीत. पांढरी किंवा क्रीम पार्श्वभूमी ठेवा, शेजारच्या दोन कार्डांना एकच काप पुरतो, पूर्ण गठ्ठा आठ कापांत सुटा होतो.

काठाजवळ चौकटही नको. मशीनमध्ये कागद मिलीमीटरभर सरकतोच. चौकट काठापासून 4 मिलीमीटरवर असेल तर एका बाजूला 3 आणि दुसऱ्या बाजूला 5 दिसते, आणि तेवढा तिरकेपणा कोणाच्याही डोळ्यात खुपतो. चौकट हवीच असेल तर काठापासून निदान 10 मिलीमीटर आत घ्या. घडीची पत्रिका टाळा. 300 जीएसएमच्या कागदाला क्रीझिंग (घडीची रेघ आधी दाबून घेणं) न करता घडी घातली की घडीवरचा टोनर तडकून पांढरी रेघ उमटते, आणि क्रीझिंगचे पैसे वेगळे.

मजकुरावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तिथी नेटवरून उचलत असाल तर जपून. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिना जुळतो, पण आपला कार्तिक वद्य तिकडे मार्गशीर्ष कृष्ण म्हणून छापलेला असतो. शक्याचंही तसंच. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून 78 वजा, त्याआधी 79. डिसेंबर 2026 ला शके 1948, आणि फेब्रुवारी 2027 लाही 1948 च. तिथी, मुहूर्ताची मिनिटं हे सगळं ज्या गुरुजींनी मुहूर्त काढला त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तोच कागद समोर ठेवून टाइप करा.

4 बाय 6 मध्ये एका बाजूला 60-70 शब्द नीट बसतात. पुढे गणपती, कुलदैवत, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून वधूवर, तिथी, मुहूर्त, कार्यालय. मागे निमंत्रक आणि 'आहेर आणू नये'. काका-आत्या-मामांची चाळीस नावं मावणार नाहीत; ती व्हॉट्सॲपच्या पत्रिकेत घ्या आणि हे घरात आधीच सांगून ठेवा, छापून आल्यावर नको. अक्षर 10 पॉइंटच्या खाली नेऊ नका, जोडाक्षरांची पोटं भरतात.

फाँट मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही फुकट आहेत, आणि तिरोमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. आडनावात ऱ्ह असेल तर तिथे थांबून बघा. गोऱ्हे लिहिताना साधा र घेतलात तर रफार उडी मारून ह वर बसतो आणि 'गोर्हे' होतं. कीबोर्डवरचा नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. कऱ्हाडकरांचंही तेच.

प्रेसला वर्डची फाइल देऊ नका. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतात आणि त्या बदलात नेमके ऱ्ह, ॲ, द्ध असलेच मोडतात. कॅनव्हातून 'पीडीएफ प्रिंट' काढा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपीजीच द्यावा लागला तर 1200 बाय 1800 पिक्सेलच्या खाली नको. स्क्रीनवरचा झगमगीत राणी रंग कागदावर मंद येतो आणि सोनेरी तर मोहरीसारखा पिवळट-तपकिरी. खरं सोनेरी हवं तर फॉइल लागतं, त्याचा डाय, म्हणजे धातूचा ठसा, तुमचं बजेट खाईल. त्यापेक्षा गडद लाल आणि काळा, दोनच रंग. सगळी छापण्याआधी एक शीट काढून घ्या आणि घरातल्या निदान दोन वेगवेगळ्या माणसांना मोठ्यानं वाचायला लावा. डोळ्यांनी वाचताना चुकलेला वार सुटून जातो, तोंडानं वाचताना सहसा नाही.

कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड टाकणार असाल तर बाजू 2 सेंटीमीटरपेक्षा लहान नको, काळा-पांढराच ठेवा, भोवती कोरी जागा सोडा, आणि छापील शीटवरूनच तपासा. फुकट साइटवरचा 'डायनॅमिक' कोड घेऊ नका. तो त्यांच्या दुव्यावरून जातो. मुदत संपली की पाहुणे रस्त्यातच.

हातकागदाचा मोह बऱ्याच जणांना होतो. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर 1940 पासूनची हातकागद संस्था आहे, कागद देखणा असतो. पण तो डिजिटल मशीनमध्ये घालू नका: जाडी असमान, धागे सुटतात आणि खळग्यांत टोनर धरत नाही. त्याला स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई उतरवून छापणं), एकच रंग. दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून दुसरा रंग आला की स्वस्ताई संपली.

पाकीट आधी विकत घ्या, कार्ड नंतर कापा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा. कार्डापेक्षा पाव इंच मोठं पाकीट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर जे मिळेल त्यात बसेल असं कार्ड थोडं लहान कापायला सांगा, शीटचं गणित बदलत नाही. छापील पाकिटाऐवजी गणपतीचा एक रबरी शिक्का करून घ्या आणि लाल शाईनं घरी उठवा. शाई वाळायला पाकिटं रात्रभर सुटी पसरा, गठ्ठा केला तर शेजारच्यावर उमटते.

पहिली पत्रिका कसबा गणपतीला जाणार, तेव्हा गठ्ठ्यातली स्वच्छ कापलेली एक आधीच बाजूला काढा. अक्षता घालायच्या त्या हातानं द्यायच्या पत्रिकांतच, आणि कुंकू लावून सावलीत पूर्ण दिवस वाळवलेल्या. ओलसर राहिल्या तर कार्डावर गुलाबी डाग पडतो. पोस्टानं जाणाऱ्यांत घालू नका, शिक्का मारताना तांदूळ चुरतो आणि पाकीट फुगतं. 300 जीएसएमचं 4 बाय 6 कार्ड साधारण साडेचार ग्रॅम, पाकीट धरून दहाच्या आत. म्हणजे साध्या पत्राच्या 20 ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात दुसऱ्या समारंभाची चिठ्ठीही सहज मावते.