नाणे राजाचे की बिशपचे?

प्रश्न : इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातील चांदीच्या काही पेनींना डरहॅमच्या बिशपची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याची, नाणी म्हणतात. त्यांवर तर राजाचाच मुखवटा असतो. मग ती बिशपची कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बिशपला मिळालेला हक्क नाण्यावर स्वतःचे नाव घालण्याचा नव्हता, तर टांकसाळीच्या उत्पन्नाचा होता. लोक चांदी घेऊन येत, तिची नाणी पाडून देताना जी वजावट होई, ती एरवी राजाच्या खजिन्यात जायची, डरहॅमला मात्र बिशपच्या. आठव्या-नवव्या शतकांत कँटरबरीचे आर्चबिशप स्वतःच्या नावाने नाणी पाडीत, आणि वुल्फ्रेडने (८०५–८३२) तर त्यांवर स्वतःची छबीही घातली; पुढे राजसत्ता बळकट झाल्यावर ही मोकळीक उरली नाही.

उरली ती एखादी बारीक खूण. डरहॅमचा बिशप अँटनी बेक (१२८३–१३११) याच्या पेनीवर राजाच्या डोक्यावर, लेखाच्या आरंभी, टोके दुभंगून वळलेला क्रूस आहे, जो त्याच्या घराण्याच्या ढालीवरचा. त्याच्यानंतरच्या केलॉने (१३११–१३१६) मागील बाजूच्या लांब क्रूसाचा एक हात बिशपच्या हातातील वाकड्या धर्मदंडासारखा वाकवून घेतला, तर बोमाँने (१३१८–१३३३) सिंह व लिलीचे फूल निवडले. अभ्यासकांना या खुणा फार मोलाच्या वाटतात, आणि माझ्या मते त्यांचे खरे महत्त्व इथेच आहे : पहिले तिन्ही एडवर्ड नाण्यांवर आपला क्रमांक घालीत नसल्यामुळे नुसत्या नावावरून राजा ओळखता येत नाही, पण केलॉचा वाकडा दंड दिसला की ती पेनी दुसऱ्या एडवर्डचीच, यात शंका राहत नाही. अडचण एवढीच, की खालचा ठसा ठोकळ्यात रोवून व वरचा हातात धरून हातोड्याने पाडलेल्या या नाण्यांत चित्र अनेकदा एका बाजूला सरकते, शिवाय चांदीच्या लोभाने कडा कातरल्या जात, आणि बेकची व केलॉची खूण नेमकी कडेलगतच असते.

बारीक खुणेपुरतीच असलेली ही मर्यादा ओलांडली ती आठव्या हेन्रीच्या काळातील यॉर्कचा आर्चबिशप कार्डिनल वुल्झी याने. पूर्वीचे आर्चबिशप अर्ध्या ग्रोटपर्यंतचीच नाणी पाडीत असताना त्याने चार पेन्सचा पूर्ण ग्रोट पाडला आणि त्यावर राजाच्या ढालीखाली आपली कार्डिनलची टोपी उमटवली. १५२९ मध्ये तो राजाच्या मर्जीतून उतरला, तेव्हा त्याच्यावरील आरोपपत्रात या टोपीचे स्वतंत्र कलम होते.