केर्न्स ते ब्रूम : कॅरव्हॅन घेऊन निघणाऱ्या दोघांसाठी

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. जून महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील केर्न्सहून निघून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील उष्णकटिबंधीय आउटबॅकमधून, म्हणजे विरळ वस्तीच्या अंतर्भागातून, थेट पश्चिम किनाऱ्यावरील ब्रूमपर्यंत कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन जायचे तुम्ही दोघांनी ठरवले आहे आणि त्यासाठी दोघांनाही लांबलचक रजा मिळाली आहे, हे वाचून फार आनंद झाला. खर्चाचा अंदाज तू नीट बांधला आहेस आणि हंगामही योग्य निवडला आहेस. मात्र तुझ्या पत्रातील एका वाक्यापाशी मी अडले. "गाडी मी चालवीन, व्हॅनमधले सगळे ती बघेल," असे तू लिहिले आहेस. हे पत्र मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे, कारण ती वाटणी बदलल्याशिवाय तुम्ही निघू नये, असे मला मनापासून वाटते.

वाटेतील अंतरे डोळ्यांसमोर आण. क्वीन्सलँडचे शेवटचे गाव कॅमूवील सोडले की पुढचे डिझेल बार्कली होमस्टेडला, म्हणजे सुमारे 260 किलोमीटरवर मिळते, आणि तेथून स्टुअर्ट महामार्गावरील थ्रीवेज तिठ्यापर्यंत आणखी सुमारे 190 किलोमीटर मध्ये एकही गाव नाही. पश्चिमेला हॉल्स क्रीक ते फिट्झरॉय क्रॉसिंग हा सुमारे 290 किलोमीटरचा टप्पाही असाच आहे. अशा ठिकाणी तुला सणसणून ताप आला, चाक बदलताना पाठीत उसण भरली किंवा नुसता डोळ्यांत कचरा गेला, तरी गाडी दुसऱ्या माणसाने चालवावी लागेल. त्या वेळी तुझ्या पत्नीने आयुष्यात पहिल्यांदा दोन-अडीच टनांची व्हॅन मागे लावून स्टिअरिंग हाती घ्यावे, अशी वेळ तू येऊ देऊ नकोस. त्याचप्रमाणे गॅस कोठे बंद होतो, पाण्याचा पंप का बंद पडला, बॅटरी किती उरली आहे, हे तुलाही कळले पाहिजे. दोघांपैकी कोणीही एकटा ही सगळी वरात सुखरूप पुढच्या गावी नेऊ शकेल, तेव्हाच तुमची तयारी झाली असे समज.

शिकायला सुरुवात मागे घेण्यापासून करा. सुटीच्या दिवशी एखाद्या शाळेचे किंवा गोदामाचे रिकामे पटांगण परवानगी घेऊन मिळवा आणि दोन बादल्या ठेवून त्यांच्यामध्ये व्हॅन लावण्याचा सराव करा. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरायचे. हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला व्हॅनचे शेपूट जाते, एवढे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. बाहेर उभ्या राहणाऱ्याने चालकाला "स्टिअरिंग डावीकडे फिरव" असे कधीही सांगू नये. "शेपूट डावीकडे हवे" एवढेच सांगावे, बाकीचे चालकावर सोपवावे. हातात वॉकीटॉकी असू द्या आणि आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी तत्क्षणी थांबलीच पाहिजे, हा नियम दोघांनीही पाळा. संध्याकाळी कॅरव्हॅन पार्कमध्ये दिवसभराच्या थकव्यानंतर, खुर्च्या टाकून बसलेल्या शेजाऱ्यांच्या देखत, जोडप्यांमध्ये सर्वांत जास्त भांडणे याच कामावरून होतात. ती भांडणे बहुतेक वेळा शब्दांच्या घोटाळ्यातून उद्भवतात, म्हणून शब्द आधीच ठरवून घ्या.

व्हॅन जोडण्याचे कामही एकाकडे ठेवू नका. आज तू जोडशील तर तिने तपासावे, उद्या तिने जोडावे आणि तू तपासावेस. कपलिंग (व्हॅनचा जोडणीचा भाग) बसून कुलूप लागले आहे, साखळ्या खाली फुलीसारख्या गेल्या आहेत, विजेचा प्लग आणि जोड तुटल्यास ब्रेक लावणारी तार जोडली आहे, पुढचे छोटे चाक वर घेतले आहे, पायरी, खिडक्या आणि छताचे झाकण बंद आहे, गॅस बंद आहे आणि मागचे दिवे लागतात, हे सगळे प्रत्येक वेळी हात लावून पाहायचे असते. अशा वेळी शेजारचा माणूस गप्पा मारायला आला, तर नम्रपणे "पाच मिनिटांनी येते" असे सांगावे आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.

वजनाबाबत मी थोडी कठोर होऊन लिहिते. निघण्याआधी भरलेली व्हॅन आणि गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन तोलून घ्या. व्हॅनच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेले असते, गाडीची ओढण्याची मर्यादा वेगळी असते आणि दोन्ही मिळून असलेली एकत्रित मर्यादा आणखी वेगळी असते. या तिन्हींपैकी एकही ओलांडून चालत नाही. टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर व्हॅन अडकते त्यावर, व्हॅनच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार असावा. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की 160 ते 180 किलो वाढतात, हे लोक विसरतात, आणि मग दोन पोती तांदूळ, कुकर, लोखंडी तवा, अवजारे आणि खुर्च्या सगळे मागच्या कपाटात जाते. मागे जास्त ओझे झाले की पुढचा भार हलका होतो आणि व्हॅन वेगात डुलू लागते. जड सामान चाकाच्या आसाजवळ आणि खाली ठेवा. तरीही व्हॅन कधी डुलू लागलीच, तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंग झटकून फिरवायचे नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा आणि डॅशबोर्डवरील नियंत्रकाने केवळ व्हॅनचा इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावायचा. ती कळ न पाहता सापडेपर्यंत दोघांनीही तिचा सराव करा. पश्चिम ऑस्ट्रेलियात व्हॅन ओढताना ताशी 100 किलोमीटर ही कायद्याची मर्यादा आहे, पण मी तुम्हाला 85 ते 90 च्या पुढे जायला सांगणार नाही. डिझेल वाचते, टायर तापत नाहीत आणि आजूबाजूचा प्रदेश दिसतो.

मार्गात मी एक बदल सुचवते. सॅव्हाना वे या नावाने ओळखला जाणारा केर्न्स ते ब्रूम हा सुमारे 3700 किलोमीटरचा मार्ग नॉर्मन्टनच्या पुढे बर्कटाउन, बोरोलूला आणि रोपर बार असा जातो, आणि त्याचा मोठा भाग कच्चा, खडखडाटी आणि नदीपात्रांतून उतरणारा आहे. साध्या कॅरव्हॅनसाठी तो नाही. तुम्ही नॉर्मन्टनहून दक्षिणेला क्लॉनकरी गाठा, मग माउंट आयझा, कॅमूवील, थ्रीवेज आणि तेथून उत्तरेला मटरँका व कॅथरीन असे डांबरी रस्त्याने जा. लांबचा फेरा पडेल, पण पडू द्या. या फेऱ्यात क्लॉनकरी लागते, आणि 1928 मध्ये जॉन फ्लिन यांची विमानातून वैद्यकीय मदत देणारी सेवा तेथूनच सुरू झाली. आजही आउटबॅकमधील माणसे तिच्या भरवशावर राहतात आणि तुमचाही शेवटचा आधार तीच असेल.

जॉर्जटाउन-क्रॉयडनच्या बाजूला अजूनही काही टप्प्यांत डांबराचा एकच पट्टा आहे. समोरून रोडट्रेन, म्हणजे एकामागोमाग ट्रेलर जोडलेला अवाढव्य ट्रक, येताना दिसली, तर ती जवळ येण्याची वाट पाहू नका. वेग कमी करा, बाजूची जमीन कोरडी आणि सपाट आहे ना ते पाहा, डावीकडे पूर्ण खाली उतरून थांबा आणि काचा वर घ्या. तीन-चार ट्रेलर मिळून तिची लांबी 53.5 मीटरपर्यंत असू शकते. ती डांबराखाली उतरली तर तिच्या चाकांखालचे दगड तुमच्या काचेवर येतात, म्हणून डांबर तिलाच द्यावे. आधी दूरवर धुळीचा लोट दिसतो, मग जमिनीतून घरघर जाणवते आणि गुरांनी भरलेले डबे शेजारून जाताना उभी व्हॅनसुद्धा हलते. ती मागून येत असेल, तर यूएचएफ रेडिओच्या (गाडीतील बिनतारी संचाच्या) 40 व्या चॅनेलवर चालकाशी बोलावे. स्वतःचा वेग स्थिर ठेवावा आणि ती तुम्हाला ओलांडायला बाहेर निघाली की किंचित कमी करावा. हे बोलणे शेजारी बसलेल्याचे काम आहे. शेजारची जागा झोपण्यासाठी नाही, हेही दोघांनी मान्य करून ठेवा.

दुपारी तीन-चारच्या पुढे गाडी चालवू नका. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि गुरांच्या अनेक विस्तीर्ण मळ्यांना कुंपण नसल्यामुळे गुरे रात्री उबदार डांबरावर बसतात. ही वशिंडाची, लोंबत्या पोळीची गुरे पाहून तुम्हाला आपल्याकडची आठवण येईल आणि ती आठवण योग्यच आहे. 1933 मध्ये येथे आणलेली ब्राह्मण जातीची गुरे अमेरिकेत गीर, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातील गुरांसारख्या भारतीय वंशांपासून तयार झाली होती. ऊन आणि गोचिडांना ती पुरून उरली म्हणून या उत्तरेत टिकली.

मुक्कामांची यादी तू फार दाट केली आहेस. सलग तीन दिवस गाडी चालवली की एक दिवस कोठेही जाऊ नका. उंडाराला मात्र दोन रात्री ठेवा. सुमारे 1,90,000 वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे ते बोगदे वाटाड्याबरोबरच पाहता येतात. कॅथरीनजवळचे नित्मिलुक राष्ट्रीय उद्यान जावोयन या मूळनिवासी लोकांचे आहे, 1989 मध्ये ती भूमी त्यांना परत मिळाली. तेथे नावेतून त्यांच्यापैकीच कोणाबरोबर फिरण्याची संधी मिळाली तर दवडू नका. बंगल बंगल डोंगररांगेला जाणारा महामार्गापासूनचा फाटा सुमारे 53 किलोमीटरचा आणि अतिशय खराब आहे. तुमची व्हॅन महामार्गालगतच्या पार्कमध्ये ठेवून जा.

फिट्झरॉय क्रॉसिंगजवळच्या डांग्गू गीकी घळीत काठावरच्या चुनखडीच्या भिंती पाहा. खाली पांढराशुभ्र पट्टा आणि वर तपकिरी-काळा खडक अशी सरळ रेघ दिसेल. दर पावसाळ्याचे पाणी जेथवर खडक धुऊन काढते, तेथे ती रेघ आहे आणि ती तुमच्या नावेच्या कितीतरी वर असेल. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येथे का येऊ नये, याचे उत्तर त्या भिंतीवरच आहे. जानेवारी 2023 च्या महापुरात या गावाजवळचा महामार्गाचा पूल मोडून पडला आणि नवा पूल डिसेंबरपर्यंत खुला झाला नाही. मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा असला, तरी रोज सकाळी रस्त्यांची सरकारी माहिती पाहावी.

पाण्याजवळ जाताना शहाणपणाचा कस लागेल. खाऱ्या पाण्यातील मगरी नॉर्दर्न टेरिटरीत 1971 पासून संरक्षित आहेत, त्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे आणि त्या समुद्रापासून खूप आत, गोड्या पाण्यातही राहतात. पोहण्यास परवानगी असल्याचा फलक असेल तेथेच उतरा. काठापासून किमान पाच मीटर दूर राहा, तंबू-खुर्च्या त्याहून बऱ्याच मागे मांडा, भांडी काठावर घासू नका आणि रोज एकाच जागी पाणी भरायला जाऊ नका, कारण मगर पाळत ठेवते. मटरँकाच्या बिटर स्प्रिंग्जमधील कोमट पाण्यात मात्र मनसोक्त डुंबा.

स्वयंपाकाविषयी तुझ्या पत्नीला थोडे सांगते, आणि तूही वाच. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताजी फळे, भाज्या आणि मध काढून घेतात. आले, मिरच्या, लिंबे, कढीपत्ता काहीही सुटत नाही. आदल्या रात्री टिंबर क्रीकला जे उरले असेल ते संपवा आणि कुनुनुराला पोचल्यावर नवी खरेदी करा. त्याच सीमेवर घड्याळ दीड तास मागे जाते, म्हणजे सूर्य तुमच्या अपेक्षेआधी मावळतो. पुढे किंबर्ली प्रदेशात जाडजूड बुंध्याचे बोआब वृक्ष दिसू लागतील. ती आपल्या मुंबई-वसईकडच्या गोरखचिंचेची सख्खी चुलत भावंडे.

मोबाइलची रेंज गावांपुरतीच असते. उपग्रहाला संकेत पाठवणारे छोटे आपत्कालीन यंत्र विकत घ्या, ते सरकारी नोंदवहीत विनामूल्य नोंदवा आणि गाडीत हाताशी ठेवा, व्हॅनच्या कपाटात नको. ते कसे सुरू करायचे, हे दोघांनाही आले पाहिजे. प्रत्येकी रोजचे किमान पाच लिटर पिण्याचे पाणी टाकीव्यतिरिक्त वेगळ्या डब्यात असावे आणि गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचे नाही.

आता तुला एक काम देते. या महिन्याअखेर व्हॅन भरा, वजनकाट्यावर न्या आणि जाताना गाडी तिने चालवावी, येताना तू. काट्याचे आकडे मला कळव. गाडीचे, व्हॅनचे आणि टो बॉलवरचे, तिन्ही वेगवेगळे. ते पाहून काय घरी ठेवायचे, ते आपण तिघे मिळून ठरवू.

तुमची,
मावशी