अमेरिकेतील यादवी युद्धाची छायाचित्रे बनावट आहेत का?

गेटिसबर्गच्या लढाईच्या एका प्रसिद्ध छायाचित्रातील मृतदेह मुद्दाम हलवून ठेवलेला होता, मग १८६१ ते १८६५ च्या त्या युद्धाची छायाचित्रे सैनिकांच्या आणि नागरिकांच्या हालांचा पुरावा कशी मानायची, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच मुद्द्यावर काही वर्षांपूर्वी आमच्या छायाचित्रण मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी मला सुनावले होते, "तुझे वडील मढी सजवायचे, तसलाच हा प्रकार."

माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता आणि कोणी वारले की शेवटचा फोटो काढायला त्यांना बोलावणे येई. मी दहावीत असताना एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. विहिरीत बुडालेला तरुण मुलगा होता, घरात त्याचा एकही फोटो नव्हता आणि तो बसलेला दिसावा असा आईचा हट्ट होता. वडिलांनी त्याला पंचाने खुर्चीला बांधून बसवले, मान सावरली आणि उजेड यावा म्हणून मला खिडकी उघडायला सांगितली. पुढे त्या माउलीने प्रिंटवर उघडे डोळे रंगवून मागितले, तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले आणि पाकिटावर नेहमीप्रमाणे तारखेपुढे 'मरणोत्तर' असे लिहून दिले.

गेटिसबर्गचे ते छायाचित्र घेणाऱ्या अलेक्झांडर गार्डनरने नेमके हेच, म्हणजे खरे काय ते लिहून देणे, केले नाही. जुलै १८६३ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी उतारावर पडलेल्या एका दक्षिणी (फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या) सैनिकाची छायाचित्रे घेतली, मग तोच देह दगडी आडोशाला नेऊन शेजारी बंदूक टेकवली. हे इतिहासकार विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये जागा पडताळून मांडले. काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यायचे, काही सेकंद भिंग उघडे ठेवायचे आणि लगेच अंधाऱ्या गाडीत धुवायचे, अशा तंत्रात धावती लढाई टिपता येणे शक्यच नव्हते, त्यामुळे रचना करण्याचा मोह मी समजू शकतो. पण १८६६ च्या आपल्या संग्रहात त्याने या सैनिकाला नेमबाज ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये परत गेलो तेव्हा सांगाडा व गंजलेली बंदूक तिथेच होती, असेही लिहिले. माझ्या मते खोटेपणा आहे तो या मजकुरात. तो सैनिक मेला होता, हे काचेवर जसेच्या तसे आहे.

नागरिकांचे म्हणाल, तर रणांगणापेक्षा एक लहानसे घरगुती छायाचित्र मला जास्त बोलके वाटते. गेटिसबर्गला एका अनोळखी मृत सैनिकाच्या हातात तीन मुलांचे चित्र सापडले. वृत्तपत्रांना तेव्हा छायाचित्र छापता येत नसे, म्हणून मुलांचे वर्णन शब्दांत प्रसिद्ध झाले, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टन या बाईला ते वाचून आपण विधवा झालो आहोत हे कळले. मुलांना त्या स्टुडिओत कोणीतरी नीट बसवलेच असेल, म्हणून ते चित्र बनावट ठरते का?

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हा पुरावा एकांगी आहे. सागरी नाकेबंदीमुळे दक्षिणेत रसायनांचा तुटवडा होता, आणि रणांगण ताब्यात असलेली बाजू, इथे उत्तर, आपले मृत आधी पुरत असल्याने अँटिएटम व गेटिसबर्ग या लढायांच्या चित्रांत बहुतेक दक्षिणेचेच सैनिक दिसतात. तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्याच ठिकाणची सगळी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा आणि चित्रांखाली लिहिलेल्या ओळी शेवटी वाचा.

वडिलांकडची तसली काही पाकिटे मी पुढच्या बैठकीला नेली होती. त्या सभासदांनी ती हातात घेतली नाहीत आणि सचिवांनी चहा मागवला.