फ्रान्सच्या डोंगरातून खेड्याखेड्याला थांबत जाणारी रेल्वे बघायची, तर कोणती?

तुमचा प्रश्न वाचला. जूनमध्ये फ्रान्सला येताय, पॅरिस आणि नीस ठरलंय, मध्ये दोन दिवस मोकळे आहेत. वेगाची गाडी नकोय, डोंगरातून गावागावाला थांबत जाणारी हवी आहे. कोकण रेल्वेची सवय असलेल्या माणसाला आवडेल अशी सांगा, असंही लिहिलंय.

माझं उत्तर आहे पिरेनीज पर्वतातली पिवळी गाडी. फ्रेंचमध्ये 'त्रँ जोन', तिथल्या कातालान भाषेत 'त्रेन ग्रोक'. खालच्या विलफ्रांश-द-कॉनफ्लाँपासून स्पेनच्या सीमेजवळच्या लातूर-द-कारोलपर्यंत ६३ किलोमीटर. एवढ्याला साधारण तीन तास लागतात. मी सहा वर्षं तुलूझमध्ये नोकरीला आहे आणि या गाडीत आतापर्यंत पाच वेळा बसलोय. पण ती मला खरी कळली ती दुसऱ्या खेपेला, कारण तेव्हा बाबा बरोबर होते.

बाबा कर्जतला रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं घाट सेक्शनला गेली, गाडीला मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनांवर. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे दोन महिने आले होते. आयफेल टॉवर पाहून झाला, राजवाडे पाहून झाले, सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. पण विलफ्रांशच्या फलाटावर ती लाल-पिवळी गाडी दिसली आणि ते डब्यापाशी न जाता थेट रुळांकडे वाकून बघायला लागले. "वायर कुठाय रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

वायर नाहीच. गाडी विजेवर चालते, पण वीज डोक्यावरच्या तारेतून येत नाही. दोन रुळांच्या बाजूला तिसरा रूळ टाकलाय, त्यात ८५० व्होल्टचा डीसी प्रवाह असतो आणि गाडीखालचा बूट, म्हणजे वीज उचलणारा लोखंडी तुकडा, त्याला घासत जातो. (म्हणून एक सूचना आधीच देतो: कुठेही मधूनच रूळ ओलांडू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हात धरून ठेवा.) रूळ मीटर गेजचे आहेत. बाबांना ते बघताक्षणी कळलं, त्यांनी अकोला-खंडवा लाइन पाहिलेली.

मग चढ. घाट म्हटलं की आपल्याला खंडाळ्याचा घाट आठवतो. तिथे ३७ फुटांत एक फूट चढ आहे आणि तेवढ्यासाठी मागून इंजिनं लावावी लागतात. या लाइनवर सर्वात कठीण ठिकाणी हजारात ६० चढ आहे, म्हणजे सुमारे १७ फुटांत एक. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षाही तीव्र. आणि मध्ये दातेरी पट्टी नाही, नुसती लोखंडी चाकं लोखंडी रुळावर. हे जमतं कारण गाडीच्या तोंडाला एकच इंजिन लावून बाकीचे डबे ओढत नाहीत. मोटारी वेगवेगळ्या डब्यांखाली वाटून दिल्यात. माणसांचं आणि डब्याचं वजन त्याच चाकांवर पडतं, ती घसरत नाहीत. यातले काही डबे १९०८-०९ च्या सुमाराला बांधलेले आहेत, दुरुस्त करत करत अजून चालवतात. २००४ मध्ये नव्या स्विस बनावटीच्या दोन गाड्याही आल्या. त्या आरामशीर आहेत, पण जुनी मिळाली तर जुनीतच बसा.

ही लाइन का बांधली हे माहीत असेल तर खिडकीतून दिसणारं सगळं वेगळं दिसतं. वरचं सेर्दान्य हे पठार समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरवर आहे. शेती चांगली, ऊन भरपूर, पण हिवाळ्यात खालच्या रूसियों प्रांताशी संबंध तुटायचा. पर्श नावाची खिंड १,५७९ मीटरवर, रस्ता बर्फात बंद. त्यामुळे रेल्वे हवी ही मागणी एकोणिसाव्या शतकापासून होती. एमान्युएल ब्रूस या स्थानिक नेत्याने ती लावून धरली. काम सुरू झालं तेव्हा कोळसा इतक्या उंचीवर न्यायचा कसा, हा प्रश्न होता. उत्तर त्याच डोंगरात सापडलं. तेत नदीच्या उगमाजवळ, दोन हजार मीटरवर, बुइयूज इथे १९०३ ते १९१० या काळात धरण बांधलं, खाली वीजघर उभारलं आणि त्या विजेवर गाडी चालवली. म्हणजे ज्या नदीच्या काठाकाठाने गाडी वर चढते, तीच नदी तिला वर ओढते. हे मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग हे खोपोलीच झालं." खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, घाटावर साठवलेलं पाणी खाली सोडून मुंबईला वीज देणारं. आणि मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला. इथे एका कोपऱ्यातल्या डोंगरी खेड्यांना ती १८ जुलै १९१० ला मिळाली होती, माँ-लुईपर्यंत. पुढच्या वर्षी बूर-मादामपर्यंत गेली आणि लातूर-द-कारोलला पोचायला १९२७ उजाडलं.

आता प्रवास. विलफ्रांश हे गुलाबी संगमरवराच्या तटबंदीतलं छोटं गाव, ४२७ मीटरवर. वोबाँ या लष्करी इंजिनिअरने सतराव्या शतकात त्याची तटबंदी मजबूत केली आणि वर डोंगरावर किल्ला बांधला. गावातून किल्ल्यावर जायला जमिनीखालून ७३४ पायऱ्यांचा जिना आहे. गुडघे चांगले असतील तर गाडीआधी दोन तास त्याला द्या.

गाडी सुटली की पहिला अर्धा-पाऊण तास दरी अरुंद असते. बोगदा, वळण, पुन्हा बोगदा. ओलेत, न्येर, तुएस अशी छोटी स्थानकं जातात. लाइनवर एकूण २२ स्थानकं आहेत आणि त्यातल्या १४ ठिकाणी गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही. उतरायचं असेल तर चढतानाच गाडीतल्या कर्मचाऱ्याला सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात दाखवायचा. आपल्याकडे लाल डब्याच्या एसटीला करतो तसाच हात. बाबांना याचं फार अप्रूप वाटलं. एका थांब्यावर एक आजी उतरल्या, हातात भाजीची पिशवी, आणि गाडी त्यांची काठी नीट टेकेपर्यंत हलली नाही.

पुढे फाँपेद्रूजच्या अलीकडे पहिला मोठा पूल येतो, पॉल सेजुर्ने या इंजिनिअरच्या नावाचा. ६५ मीटर उंच, दगडी आणि वळणावरचा. मधोमध खाली एक टोकदार कमान आहे आणि त्या कमानीच्या शेंड्यावर वरच्या पुलाचा खांब उभा आहे. गाडीत बसून हे दिसत नाही, खालच्या रस्त्यावरून दिसतं. वरून जाताना फक्त एकदम पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं.

त्यानंतर थोड्याच वेळात जिस्क्लार पूल, आणि इथे मला जरा थांबायचंय.

हा झुलता पूल आहे, पोलादी तारांवर तोललेला, नदीपासून ८० मीटर उंच. रेल्वेसाठी अजून वापरात असलेला फ्रान्समधला हा एकच झुलता पूल. आल्बेर जिस्क्लार या लष्करी अधिकाऱ्याने त्याची रचना केली. झुलत्या पुलावरून माणसं, बैलगाड्या जातात, पण आगगाडीच्या वजनाखाली तो हेलकावे खातो. जिस्क्लारने तारा अशा त्रिकोणी जाळ्यात बांधल्या की पूल ताठ राहील. ३१ ऑक्टोबर १९०९ रोजी वजन लादलेली गाडी आणून त्याची चाचणी घेतली. पूल चाचणीत उतरला. पण चाचणीची गाडी नंतर उतारावर सुटली, थांबवता आली नाही आणि खाली जाऊन उलटली. सहा माणसं गेली. त्यात जिस्क्लार स्वतः होते. पुलाजवळ स्मारक आहे.

मी ही गोष्ट पुलावर असताना सांगितली. बाबा तोपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, ते आत वळले. "पूल धरतोच," ते म्हणाले, "लोकांना चढाची भीती वाटते. आम्हाला कायम उतरणीची असायची." मग त्यांनी मला घाटातल्या कॅच साइडिंगबद्दल सांगितलं. गाडीचे ब्रेक गेले तर तिला मुख्य मार्गावरून काढून वर चढणाऱ्या फाट्यावर घालतात, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने थांबते. कर्जत-लोणावळा करताना मी ते फाटे शेकडो वेळा बघितले असतील आणि कधी विचारलं नव्हतं. घाट उतरताना कुठे थांबून ब्रेक तपासायचे, कुठे बोलणं बंद करायचं, हे सगळं ते त्या फ्रेंच डब्यात मला सांगत होते, बाहेर देवदार आणि पाइनची झाडं मागे पडत होती. घरी तीस वर्षांत हे बोलणं झालं नव्हतं.

पुलानंतर प्लानेसचा थांबा येतो. सवड असेल तर इथे उतरा. गावात एक लहानसं जुनं चर्च आहे, त्याचा पाया त्रिकोणी आहे. असं दुसरं मी कुठे पाहिलं नाही. मग माँ-लुई, वोबाँचाच दुसरा किल्ला, आणि त्यानंतर बोल्केर-एन. उंची १,५९३ मीटर. फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचं हे सर्वात उंच स्थानक. फलाट म्हणाल तर पालघरजवळच्या एखाद्या फ्लॅग स्टेशनएवढा, आजूबाजूला जंगल. फार अपेक्षा ठेवून उतरू नका. तिथली हवा मात्र जूनमध्येही गार असते, स्वेटर बरोबर असू द्या.

इथून दरी संपते आणि पठार उघडतं. हा बदल इतका अचानक होतो की डब्यातली माणसं उभी राहतात. कुरणं, गाई, चहूबाजूंनी डोंगर, आणि ऊन. या उन्हामुळेच जवळच्या ओदेइयोला मोठी सौरभट्टी बांधली आहे. डोंगरउतारावरचे ६३ सपाट आरसे सूर्य पकडून समोरच्या इमारतीएवढ्या अंतर्गोल आरशावर टाकतात आणि तिथे ३,००० अंशांच्या वर तापमान मिळतं. पुढे एस्तावारजवळ ल्यिविया आहे. चारही बाजूंनी फ्रान्स, पण गाव स्पेनचं. १६५९ च्या तहात इथली ३३ खेडी फ्रान्सला द्यायची ठरली. ल्यिविया हे खेडं नसून नगर आहे, असा मुद्दा निघाला आणि ते स्पेनकडे राहिलं. आजही आहे.

शेवटचं स्थानक लातूर-द-कारोल. बाबांनी पाटी वाचली आणि मोठ्याने "लातूर!" म्हणाले, शेजारची बाई हसली. उच्चार खरंच तोच आहे. फ्रेंचमध्ये अर्थ 'बुरूज'. या छोट्याशा स्थानकात तीन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी आहेत: पिवळ्या गाडीचा मीटर गेज, फ्रान्सचा स्टँडर्ड गेज आणि बार्सिलोनाहून येणारा स्पेनचा ब्रॉड गेज. बाबा तिन्ही फलाटांवर जाऊन आले.

तुमच्या कार्यक्रमात हे असं बसवा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून रात्रीची गाडी लातूर-द-कारोलला जाते, सकाळी पोचवते. तिथून पिवळ्या गाडीने विलफ्रांशला उतरा, मध्ये एका ठिकाणी मुक्काम करा. फाँ-रोमूला हॉटेलं मिळतात, पण मी माँ-लुई किंवा आसपासचं खेडं निवडेन. दुसऱ्या दिवशी विलफ्रांशहून पर्पिन्याँ, आणि मग समुद्रकाठाने नार्बोन, मोंपेलिए, मार्सेय करत नीस. तुम्ही मी सांगितलं त्याच्या उलट दिशेने जाल. हरकत नाही, सगळा मोठा उतार तुमच्या वाट्याला येईल. दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, आणि दुरुस्तीसाठी एखादा टप्पा बंद ठेवून बस सोडतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा बघा. रात्रीच्या गाडीचंही तसंच, ती रोज असेल असं धरून चालू नका. उन्हाळ्यात वर छप्पर नसलेला एक डबा जोडतात, लोक त्याला 'बेन्वार' म्हणजे न्हाणीचा टब म्हणतात. त्यात जागा हवी तर सुटण्याच्या बरंच आधी फलाटावर हजर राहा आणि टोपी घ्या.

एकाच गाडीचं एवढं लिहिलं, पण पर्याय आहेत. नीसलाच मुक्काम असेल आणि पिरेनीजचा वळसा जड वाटत असेल, तर नीस ते दिन्य ही १५१ किलोमीटरची मीटर गेज लाइन आल्प्सच्या पायथ्यातून जाते, ती एका दिवसात होते. क्लेरमों-फेरां ते नीम ही सेव्हेन डोंगरातली लाइनही सुंदर आहे. दोन्ही मी एकेकदा केल्यात. वेळ अगदीच कमी पडला तर नीसची घ्या.

पण दोन दिवस खरोखर मोकळे असतील तर पिवळीच. आणि घरातलं कुणी रेल्वेत होतं असेल, तर त्यांना बरोबर आणा. जिस्क्लार पूल आला की त्यांना खिडकीपाशी बसवा.